कडब्यावरचं औत ते बोअरवरची ज्वारी

चारशे किलोचा लाल कंधारी बैल दिवसाला दहा किलो सुका चारा खातो. वजनाच्या अडीच टक्के, हा ढोबळ नियम. जोडीचे वीस किलो, म्हणजे वर्षाचे ७,३०० किलो. कोरडवाहू मालदांडीचा एकरी सात क्विंटल कडबा धरला, तर एक बैलजोडी वर्षभर जगवायला दहा एकरांचा कडबा लागतो. आणि एका जोडीच्या औताखाली जमीनही साधारण दहा-बारा एकरच वाहून व्हायची. शेत औताला पोसायचं आणि औत शेताला. बांधावरचं गवत, तुरीचं भुसकट, थोडी सरकी ही वरची भर.

शेती यंत्रावर आली तशी ऊर्जेच्या हिशोबात सुधारली की बिघडली, असं विचारलं की बहुतेकांचं बोट ट्रॅक्टरकडे जातं. डिझेलचा भाव रोज कळतो, धूर डोळ्यांना दिसतो, त्यामुळे ते साहजिक आहे. पण बोअरवरची एक एकर रब्बी ज्वारी घेऊन आकडे मांडले की ट्रॅक्टर तिसऱ्या नंबरवर जातो. आधी पाणी, मग खत, मग डिझेल. पाण्यातही ते किती दिलं यापेक्षा किती खोलातून काढलं हे जास्त महाग पडतं. मराठवाड्याच्या शेतीचं ऊर्जेचं गणित ट्रॅक्टर आल्यावर फारसं बिघडलं नाही. पाणी खाली गेलं तेव्हा ते बिघडलं.

हिशोबाची पद्धत आधी सांगतो. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांत ऊर्जेच्या लेखाजोख्याला जे रूढ गुणक वापरतात तेच इथे घेतले आहेत. मेगाजूल हे ऊर्जेचं माप. पुरुष मजुराचा एक तास १.९६ मेगाजूल, बाईचा १.५७, बैलजोडीचा १०.१. डिझेल लिटरला ५६.३१, त्यात वंगण धरलेलं असतं. वीज युनिटला ११.९३. एका युनिटात प्रत्यक्ष ३.६ मेगाजूलच असतात, पण परळीसारख्या कोळशाच्या केंद्रात उष्णतेतला तिसरा हिस्साच विजेत उतरतो, म्हणून हा आकडा तिपटीहून मोठा. नत्र किलोला ६०.६, स्फुरद ११.१, पालाश ६.७. शेणखत किलोला ०.३. ज्वारीचा दाणा १४.७, कडबा १२.५. यंत्राच्या लोखंडात गेलेली ऊर्जा सोडून दिली आहे. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या, ज्वारी उपटणाऱ्या बाईचा तास पुरुषाच्या तासाहून कमी मोजणं मला पटत नाही. तुलना जुळावी एवढ्यासाठीच तो आकडा तसा ठेवला.

बैलाचा एकर

वखराच्या तीन-चार पाळ्या, तिफणीवर पेरणी, दोन कोळपण्या, हाताने काढणी, खळ्यावर पात धरून मळणी. बैलजोडीचे ४५ तास धरू, म्हणजे ४५५ मेगाजूल. माणसांचे १६० तास, निम्मे बायांचे, त्यांचे २८२. दीड टन शेणखत ४५०, चार किलो बियाणं ५९. बेरीज १,२४६ मेगाजूल. कोरडवाहूत अडीच क्विंटल दाणा निघाला तर ३,६७५ मेगाजूल. म्हणजे घातलेल्या एका मेगाजूलमागे जवळपास तीन परत, एकाला तीन. कडबा मिळवला तर एकाला दहा.

हा एकाला दहाचा आकडा सांगून जुनी शेती किती कार्यक्षम होती याचे गोडवे गायले जातात. तिथे थोडं थांबायला हवं. बैलजोडीचा १०.१ हा गुणक फक्त कामाच्या तासांपुरता आहे. बैल मात्र ३६५ दिवस खातो. ७,३०० किलो चाऱ्याचे ९१,००० मेगाजूल होतात. जोडी वर्षात ८०० तास औताला किंवा गाडीला जुंपली तर तासाला ११४ मेगाजूल पडतात. त्या तासात जोडी सुमारे एक एचपीने ओढते, म्हणजे काम होतं अवघं अडीच-पावणेतीन मेगाजूलचं. हे दोन-अडीच टक्के झाले. चांगल्या स्थितीतलं डिझेल इंजिन तीस टक्क्यांच्या आसपास जातं. पूर्ण चारा एकराच्या खात्यावर टाकला तर बैलाचे ४५ तास ५,१३० मेगाजूलचे होतात, बेरीज ५,९०० च्या वर जाते, आणि नुसत्या दाण्याचं गुणोत्तर एकाच्या खाली, ०.६ वर येतं.

दोन्ही आकडे खरे आहेत. फरक एवढाच की बैलाचं इंधन माणसाच्या पोटात जाणारं नव्हतं आणि ते त्याच रानातून यायचं. शिवाय जोडीमागे वर्षाला चार-पाच टन शेणखत मिळायचं. अर्धा टक्का नत्र धरलं तर वीस-पंचवीस किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो असतं. म्हणजे दहा एकरांचा कडबा खाऊन बैलजोडी वर्षभरात एका गोणीएवढं नत्र परत करायची. शेणखत एक गोणी युरियाची जागा सहज घेईल असं म्हणणाऱ्याने हे माप समोर ठेवावं. आणि शेणखताने भुसभुशीत राहणारी काळी जमीन युरिया देत नाही, हेही त्याच्या शेजारी लिहून ठेवावं.

यंत्राचा एकर

हे कोडं आपल्यापुरतं नाही. कॉर्नेल विद्यापीठातले डेव्हिड पिमेंटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली अमेरिकन मक्याचा असाच हिशोब मांडला होता. १९४५ मध्ये एका कॅलरीमागे ३.७ कॅलरी मका मिळायचा, १९७० मध्ये २.८. उत्पादन दुपटीहून वाढलं होतं, पण खत, इंधन, वीज त्याहून वेगाने वाढली होती. त्यानंतर तेल महागलं, पेट्रोलची इंजिनं जाऊन डिझेलची आली, नांगरट कमी झाली आणि तिथली घसरण थोपली. खताचे कारखानेही सुधारले. १९१३ साली जर्मनीत ओपाऊला हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारा पहिला मोठा कारखाना सुरू झाला तेव्हा टनाला शंभर गिगाजूलच्या, म्हणजे एक लाख मेगाजूलच्या घरात ऊर्जा जायची. आजचे नैसर्गिक वायूवरचे चांगले कारखाने तिसाच्या खाली काम भागवतात. त्यामुळे वर घेतलेला ६०.६ हा नत्राचा गुणक आजच्या नव्या कारखान्यांसाठी जरा जास्तच आहे. पन्नासेक धरला तरी चालेल. पण एकच मोजपट्टी शेवटपर्यंत ठेवू.

आता आजचा एकर. पलटी नांगर नऊ लिटर, मोगडा चार, रोटावेटर सहा, ट्रॅक्टरची पेरणी तीन, मळणीयंत्र सहा. अठ्ठावीस लिटर डिझेल, १,५७७ मेगाजूल. बागायती रब्बी ज्वारीला हेक्टरी ८०:४०:४० खत, म्हणजे एकरी ३२ किलो नत्र, १६ स्फुरद, १६ पालाश. त्याचे २,२२४, आणि त्यातले १,९३९ एकट्या नत्राचे. काढणी अजून हातानेच होते म्हणून मजुरीचे शंभर तास, १७३. बियाणं ५९. पाणी सोडून बेरीज ४,०३३.

पाण्याच्या तीन पाळ्या, प्रत्येकी ६० मिलिमीटर. एकराला तिन्ही मिळून ७,२८,००० लिटर. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला निसर्गनियमाने ०.२७ युनिट लागतं. त्याहून कमीत ते चढतच नाही. शेतातला पंप मात्र सरासरी ३५ टक्क्यांवर चालतो असं धरू. मोटर ७५ टक्के, पंप ५५ टक्के, पाइप आणि वायर ८५ टक्के, यांचा गुणाकार तेवढाच येतो.

पाणी विहिरीत पन्नास फुटांवर, म्हणजे पंधरा मीटरवर असेल तर तिन्ही पाळ्यांना ८५ युनिट लागतात, १,०१४ मेगाजूल. एकूण ५,०४७. दहा क्विंटल दाण्याचे १४,७००. एकाला २.९. बैलाच्या एकराचं गुणोत्तर इथे जसंच्या तसं राहतं आणि दाणा चौपट निघतो. यंत्राच्या शेतीला नावं ठेवण्याआधी हा आकडा पाहावा. मला तर हा या सगळ्या हिशोबातला सर्वांत आशेचा आकडा वाटतो.

बोअर शंभर मीटरवरून, सव्वातीनशे फुटांवरून उचलत असेल तर ५६७ युनिट, ६,७६४ मेगाजूल. एकूण १०,७९७. गुणोत्तर १.३६ वर येतं.

दोनशे मीटरवरून, म्हणजे साडेसहाशे फुटांवरून, १,१३४ युनिट. एकूण १७,५६१. गुणोत्तर ०.८४. दाण्यात आहे त्याहून जास्त ऊर्जा तो पिकवायला गेली. रान तेच, बियाणं तेच, ट्रॅक्टर तोच.

खोली

मोटेच्या काळात खोलीला आपोआप मर्यादा होती. चामड्याची मोट, वरच्या चाकावरून जाड नाडा, खालच्या कण्यावरून बारीक सोंदूर, आणि बैल धावेच्या उतारावरून खाली जाताना त्यांचं स्वतःचं वजनही ओढायला लागायचं. मोट काठाशी आली की तिची सोंद, म्हणजे खालचं निमुळतं तोंड, थारोळ्यात पडायची, पाणी पाटाला लागायचं, आणि बैल उलट्या पावलांनी धाव चढायचे. १२० लिटरची मोट, तीस-पस्तीस फूट खोली, तासाला चाळीस खेपा धरल्या तर सहा तासांत २८,८०० लिटर. या अख्ख्या दिवसाच्या कामाची वीज काढली तर पाऊण युनिटाच्या जरा वर भरते. पस्तीस टक्क्यांचा पंप धरला तरी सव्वादोन युनिट, पाच एचपीचं अर्ध्या तासाचं काम. मोटेने दोनशे फुटांवरून पाणी काढायचं कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. विजेने ती मर्यादा काढून टाकली.

आपल्या खडकाचा स्वभावही इथे आडवा येतो. मराठवाड्याखाली काळा बसाल्ट आहे. पाणी राहतं ते मुरमात आणि वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात, साधारण पहिल्या वीस-तीस मीटरमध्ये. त्याखाली अखंड काळा पाषाण. दोन लाव्हांच्या थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा किंवा सांधा लागला तर खोलवर पाणी मिळतं, पण त्याचा साठा छोटा आणि तो भरायला फार काळ लागतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले, मग एकाच शिवारातले बोअर एकमेकांचं पाणी ओढू लागले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी शेजाऱ्याने तीनशे फूट घेतला की आपण चारशेला जातो. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पाणी उपसायला वीज हवी आणि वीज करायला पाणी, हा फेरा त्या वर्षी उघड्या डोळ्यांनी दिसला.

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे. अडचणीतल्या शेतकऱ्याला तो आधार आहे, याबद्दल वाद नाही. पण बिल शून्य झालं म्हणून युनिट शून्य होत नाहीत. हिशोब कागदावरून गेला की गळती शोधायची सवयही जाते. रात्री दोनला लाइट येते, ऑटो स्विच मोटर चालू करतं, शेतात माणूस नसतो. बारं मोडायला कोणी नाही म्हणून पहिलाच वाफा तुडुंब भरून पाणी बांधाबाहेर ओढ्याला लागतं. शंभर मीटरवरून उचललेलं प्रत्येक हजार लिटर पाणी म्हणजे पाऊण युनिट.

पंप किती टक्क्यांवर चालतो हे शेतातच मोजता येतं. दोनशे लिटरचं टिपाड पाइपच्या तोंडाखाली ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. मोटर तासभर चालल्यानंतर मोजा, सुरुवातीचं पाणी फसवतं. चालू मोटरवर पाण्याची पातळी काढा. दोरीला वजन बांधून सोडली तरी चालते, पण केसिंगमध्ये केबल असते, म्हणून हळू. विहिरीवरचा किंवा बोअरवरचा पाइप जमिनीच्या वर जितका चढला तेवढी उंची मिळवा. मग सेकंदाला लिटर गुणिले मीटर उंची गुणिले ९.८१, एवढे वॅट पाण्यात उतरले. मोटर किती ओढते ते मीटरवरून, किंवा इलेक्ट्रिशियनच्या टाँग टेस्टरने. तीन फेजला ४०० व्होल्ट, ८ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर ४,४३४ वॅट. आता टिपाड १२० सेकंदांत भरलं आणि एकूण उंची ६० मीटर निघाली, तर पाण्यात उतरले ९८१ वॅट. कार्यक्षमता २२ टक्के. अशा पंपावर दर पाच युनिटांतले चार उष्णतेत आणि खडखडाटात जातात.

बिघाडाची कारणं ठरलेली असतात. कमी व्होल्टेजवर मोटर जास्त अँपिअर ओढते, तापते, जळते. मग रिवाइंडिंग होतं, आणि घाईत, कमी जाडीच्या तारेने केलेलं प्रत्येक रिवाइंडिंग कार्यक्षमता आणखी खाली नेतं. कपॅसिटर पेटीतून काढून ठेवलेला असतो. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर बसवला तर वायर आणि डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा भार हलका होतो, शेवटच्या खांबावरच्या मोटरला व्होल्टेज बरं मिळतं. बोअरमध्ये वाळू येत असेल तर इंपेलर झिजतात आणि पाणी हळूहळू कमी होतं, इतकं हळू की पाणी आटलं असं वाटून नवा बोअर घेतला जातो. आधी इंपेलर काढून पाहावेत.

पाइपचा व्यास हा सगळ्यात स्वस्त इलाज. तेवढंच पाणी दोन इंचीऐवजी अडीच इंची पाइपातून नेलं तर घर्षण तिसऱ्या हिश्श्यावर येतं, कारण ते व्यासाच्या पाचव्या घातात बदलतं. काटकोनी एल्बोच्या जागी लांब बेंड, विहिरीवर मोठ्या जाळीचा फुटव्हॉल्व्ह. आणि पाण्याची धार उंचावरून धबधब्यासारखी पाडू नये. तोंड जमिनीपासून पाच फूट वर ठेवलं तर ते पाच फूट खोलीतच मिळवलेले असतात.

ठिबकचं थोडं उलगडून सांगावं लागेल, कारण इथे गैरसमज आहे. ठिबकला लॅटरलपाशी एक किलो दाब लागतो, फिल्टर धरून एकूण पंधरा मीटरची जास्तीची उंची झाली. शंभर मीटरच्या बोअरला पंधरा मीटर किरकोळ आहेत, आणि पाणी चाळीस टक्क्यांनी वाचलं तर वीजही तीसेक टक्के वाचते. पण पंधरा मीटरच्या विहिरीला पंधरा मीटर म्हणजे दुप्पट उंची. साठ टक्के पाणी, दुप्पट उंची, म्हणजे वीज वीस टक्के जास्त. तिथे ठिबक पाण्यासाठी घ्यावं, विजेसाठी नाही. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपर क्षाराने बंद होतात. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबात अर्ध्या किलोहून जास्त फरक दिसला की फिल्टर धुवावा, नाहीतर मोटर फिल्टरशीच झगडत राहते.

प्लास्टिकचं शेततळं पावसाच्या पाण्याने भरलं तर उत्तम. बोअरच्या पाण्याने भरलं तर तेच पाणी दोनदा उचलावं लागतं, आणि तीस बाय तीस मीटरच्या तळ्यावरून उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर उडालं तरी सात हजार लिटर हवेत जातं. याला मी स्पष्ट चूकच म्हणेन.

गोणीतलं डिझेल

युरियाच्या एका गोणीतल्या नत्राचे १,२५४ मेगाजूल होतात, म्हणजे बावीस लिटर डिझेल. गोणी फोडून फेकताना हे डोळ्यांसमोर येत नाही, कारण अनुदानामुळे ती पावणेतीनशेच्या आत मिळते. काळ्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या वर असतो. ओल्या जमिनीवर वरून फेकलेला युरिया उन्हात अमोनिया होऊन उडतो. तृणधान्यात टाकलेल्या नत्रातलं तीस-चाळीस टक्केच पिकाच्या हाती लागतं असं साधारण धरतात. युरिया दोन-तीन इंच मातीआड जायला हवा. पेरणीबरोबर अर्धं नत्र दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली आणि बाजूला, उरलेलं तीस दिवसांनी कोळप्याच्या मागे. वाफशावर देऊन लगेच कोळपणी केली तरी बरंच वाचतं. भरलेल्या पाण्यात फेकू नये.

खरीप मुगानंतर ज्वारी हा जुना फेरा इथे कामाला येतो. शेंगा तोडून मुगाचा पाला जागेवरच गाडला तर ज्वारीचं नत्र एकरी आठ किलोने कमी करता येतं. सोयाबीनला तर नत्र मुळात थोडंच लागतं. हवेतलं घेणाऱ्या गाठी मुळांवर असतात, बियाण्याला रायझोबियम लावलं की भागतं. तरी सोयाबीन पिवळं दिसलं की युरिया फेकायची घाई होते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते पिवळेपण बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचं किंवा साचलेल्या पाण्याचं असतं.

डिझेलबद्दल थोडक्यात. नांगराची खोली दुप्पट केली तर ओढ किमान दुप्पट होते. पलटी दरवर्षी घालायची गरज नाही, तीन वर्षांतून एकदा पुरते. रोटावेटर ओल्या जमिनीत घातला की पात्यांखालचा थर चोपला जातो, तिथे मुळं अडतात, आणि तो थर फोडायला पुन्हा नांगर लागतो. हे चक्र आपणच सुरू करतो. हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी आरपीएम. टायर घसरतो का ते पाहायला मागच्या चाकावर खडूची खूण करून दहा फेरे मोजावेत. अवजार उचलून ४० मीटर जात असेल आणि अवजार लावून ३४, तर १५ टक्के घसरण. त्याहून जास्त असेल तर टायरात पाणी भरावं किंवा वजन लावावं.

उसाचं विचारणारे असतातच. जूलमध्ये ऊस चांगलाच दिसतो. एकरी पस्तीस टनांचे सुमारे १,८५,००० मेगाजूल होतात, आणि साखर कारखाना बगॅसवरच चालतो. शंभर मीटरच्या बोअरवरून मोकाट पाणी दिलं, एकरी एक कोटी लिटर, तर त्यातले ९३,००० मेगाजूल नुसत्या पाण्यात जातात. तरी गुणोत्तर एकाच्या वरच राहतं. म्हणून हा हिशोब एकट्याने वापरू नये. सातशे-आठशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात अडीच हजार मिलिमीटरचं पीक घेतलं की शेजारच्या ज्वारीचं पाणी पन्नास फुटांवरून तीनशेवर जातं, आणि तो खर्च उसाच्या खात्यात कुठेच लिहिला जात नाही.

एकरावर एक इंच पाऊस पडला की एक लाख लिटर होतं. शंभर मीटरवरून उचलायला त्याला ७८ युनिट लागतात. विहिरीचं पुनर्भरण म्हणून मला सगळ्यात आधीचं काम वाटतं. शेताच्या उताराच्या कोपऱ्यातून येणारं पाणी आधी दीड बाय एक बाय एक मीटरच्या खड्ड्यात गाळ बसायला सोडायचं, तिथून दोन मीटर लांब-रुंद-खोल टाकीत. टाकीत खाली मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर जाड वाळू. तळातून चार इंची पाइप विहिरीत. दरवर्षी मृगाआधी वरची चार बोटं वाळू काढून धुवायची. ते राहिलं की दुसऱ्या पावसातच टाकी तुंबते आणि पाणी बाजूने निघून जातं. गढूळ पाणी थेट बोअरमध्ये कधी सोडू नये. भेगा गाळाने बुजल्या की परत उघडत नाहीत.

आता शंभर मीटरच्या बोअरवरचाच एकर पुन्हा मांडू. नांगर आणि रोटावेटर नाही, मोगड्याच्या दोन पाळ्या, पेरणी, मळणी, १७ लिटर डिझेल, ९५७ मेगाजूल. मुगानंतरची ज्वारी म्हणून नत्र २४ किलो, खताचे १,७३९. पाण्याच्या दोनच पाळ्या, पोटरीत आणि दाणे भरताना, पन्नास मिलिमीटरच्या. पंप दुरुस्त करून ४५ टक्क्यांवर आणला तर २४५ युनिट, २,९२५. मजुरी आणि बियाणं तेवढंच. बेरीज ५,८५३. दाणा दोन क्विंटल कमी, आठच निघाला असं धरलं तरी ११,७६०. गुणोत्तर १.३६ वरून दोनवर येतं. खर्चातला निम्मा वाटा अजूनही पाण्याचाच आहे. हेच पाणी विहिरीत पन्नास फुटांवर असतं तर २४५ च्या जागी ३७ युनिट लागले असते.